शेवटच्या भोकाची धास्ती

मित्रांनो, मी एक जुनी शिसवी फळी आहे आणि मला एकशे एकवीस भोकं आहेत. हसू नका. इंग्रजांच्या पत्त्यांच्या एका खेळात गुण माझ्यावर मोजतात. एक गुण मिळाला की खुंटी एक भोक पुढं. दोघांची साठ-साठ भोकं. दोन फेऱ्या मारून जो आधी टोकाच्या सामाईक भोकात पोचेल, तो जिंकला.

माझं झाड मांडूच्या डोंगरावर होतं. त्याच्याखाली एक वाघ झोपायचा आणि त्याच्या घोरण्यानं भर चैत्रात पानगळ व्हायची. खोटं वाटत असेल तर वाघाला विचारा. पुढचं मात्र अगदी खरं. आठवलं की अजून माझ्या लाकडातले रेषे आखडतात.

सन एकोणीसशे सातच्या सुमाराची गोष्ट. महूच्या एका साहेबाला दसऱ्याची भेट म्हणून मला घडवायचं काम धारच्या दरबारी कारखान्यातल्या गणोजी सुतारांकडे आलं. साहेबानं कागदावर नकाशा काढून दिला होता. गणोजींनी गिरमिटानं एकशे वीस भोकं पाडली. नकाशाच्या टोकाला एक ठळक काळा ठिपका होता. तो पाहून ते हसले.

"बघ गं, साहेबालाही नजरेची भीती! तीट लावलीय."

त्यांच्या बायकोनं, नर्मदाबाईंनी, काजळाचं बोट आणून मलाही तशीच तीट लावली. मी अगदी नटले.

खंडेनवमीला गणोजींनी हत्यारं धुऊन पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. आता उद्या दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. तेवढ्यात दारात टांगा थांबला. कारखान्याचे कारभारी उदाजीराव मला न्यायला आले होते. त्यांनी मला उलटसुलट केलं.

"शेवटचं भोक कुठंय, भिया?" त्यांनी माळवी थाटात गणोजींना विचारलं.

"ती तीट आहे ना, सरकार."

"तीट? अरे, ते जिंकायचं घर आहे! त्याच्याविना खेळ संपायचा कसा? उचल गिरमिट. साहेब दुपारीच महूला परत निघतायत."

गणोजींनी पाटाकडे बोट केलं. "पूजेतलं हत्यार नाही उचलायचो, सरकार. आमच्या घरात कुणी उचललं नाही."

"मग उद्यापासून कारखान्याची पायरीही चढू नकोस."

मला वाटलं, माझ्या एका भोकापायी या माणसाची रोजी जाणार.

नर्मदाबाई आतून आल्या. हातात निखारे सारायची सळई, टोक लालबुंद. "अहो, ही कुठं पूजेत मांडलीय? ही चुलीची."

"फळी फुटली तर?" उदाजीराव ओरडले.

"आमच्या घरची फळी फुटायची नाही."

मित्रांनो, नर्मदाबाईंनी माझ्या वतीनं शब्द दिला, मला न विचारता! तिटेची जागा कडेपासून जेमतेम बोटभर आत होती. गणोजींनी सळई टेकवली. चर्र झालं, धूर निघाला, माझ्यात कुठंतरी बारीक कटकन वाजलं. मी सगळे रेषे आवळून धरले. भोक पडलं. काळंभोर, पण गोल.

टांग्यात बसताना मी मागं पाहिलं. गणोजींनी सळई निववून, तिला हळदकुंकू लावून, पाटावर गिरमिटाशेजारी ठेवली.

"अहो, मग आता ती उद्यापर्यंत उचलायची नाही! मी निखारे कशानं सारू? बोटांनी?"

साहेबानं काळ्या भोकावर अंगठा फिरवून भुवया वर केल्या. उदाजीराव लगेच पुढे झाले. "हुजूर, जीतनेवाले को नजर न लगे, इसलिए. मेरी ही सूझ थी." साहेब खूश झाला. गणोजींची जागा राहिली. नाव उदाजीरावांचं झालं.

विलायतेला परतताना साहेबानं मला देवासच्या एका वकिलांना दिलं. तिथं हा खेळ कुणालाच येईना. वकिलीणबाई जानकीबाईंनी मला उदबत्त्यांचं घर केलं. काळं भोक सोडून एकदम एकशे वीस लावायच्या, देव खोकायचे! मग त्या उदबत्त्याही थांबल्या. आता मी फडताळात, धुळीत आहे.

जुन्या वस्तू तुमच्याही घरी असतील. त्यांना पुसा, वर्षातून एकदा तिळाच्या तेलाचं बोट फिरवा. माझ्या काळ्या भोकापाशी केसाएवढी फट आहे. दर उन्हाळ्यात ती पुढं सरकू बघते आणि मी तिला धरून ठेवते. नर्मदाबाईंनी शब्द दिलाय ना. पण कोरड्या लाकडानं तो किती दिवस पाळायचा?