दोनशे अडतीस दिवस

मा. कार्मिक अधिकारी साहेब यांस,
विषय : कायम नोकरीबाबत.
महोदय, आपल्या कारखान्याने निवडलेला पहिला

नाही. ‘पहिला’पासून सुरुवात केली की अर्ज बिघडतो. पुन्हा.

महोदय, १९९१ साली कळंबोलीच्या मैदानावर

साठ जण होतो आम्ही. तळोज्याच्या दोन कारखान्यांना फुटबॉलचे संघ काढायचे होते. एक रंगाचा कारखाना, एक कागदाचा. दोन्ही मॅनेजर झाडाखाली खुर्च्या टाकून बसले. आळीपाळीनं एकेक पोरगा उचलायचा, बाविसावर थांबायचं, असं ठरलं. नाणं उडवलं. रंगवाले जिंकले. त्यांचे कोच बाजीराव सर उठले, रांगेवरून नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं.

“तू. पळून दाखव.”

पळालो.

“हा आमचा.”

अभय भगवान सोनकांबळे. वय एकोणीस. बाप सिडकोच्या इमारतींवर गवंडी. साठांत पहिला.

एकविसाव्यापर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. बाविसाव्याची पाळी कागदवाल्यांची होती. समोर उरणकडचा एक जाडजूड पोरगा उभा होता, गोटीराम घरत. कागदवाला मॅनेजर म्हणाला, “आम्हाला पुरे.” बाजीराव सर हसले. “आणा इकडे. खेळला नाही तरी ड्रम उचलेल.”

सगळे हसले. मीही. गोटीराम सगळ्यांत मोठ्यानं हसला.

महोदय, खेळाडू या नात्याने मला कार्ड मारण्याची

गेटवर मशीन होतं. कामगारानं येताना-जाताना त्यात कार्ड घालायचं, खाट्ट आवाज व्हायचा, दिवस भरायचा. पहिल्याच आठवड्यात बाजीराव सरांनी सांगितलं, “माझे खेळाडू त्या रांगेत उभे राहणार नाहीत. तुमची हजेरी माझ्या वहीत.” निळी वही होती. छाती फुगली आमची. कागदावर आम्ही सगळे हेल्पर, पण मॅच असली की गाडी यायची आणि रांगेतले लोक आमच्याकडे बघत राहायचे. मॅच नसली तर आम्हीही ड्रम भरायला जायचो, त्या दिवसांपुरतं कार्ड मारायचो, तेही लाजत.

गोटीराम गाडीत कधी बसला नाही. त्याला कोणी खेळवलंच नाही. रोज कार्ड, रोज ड्रम.

“ए पयल्या,” तो म्हणायचा. ‘पयला’ हे माझं नाव त्यानंच पाडलं होतं. “मॅचला चाललास? तुजा कार्ड मारू का रं? कोनाला कलनार हाय!”

“कार्ड हमाल मारतात, गोट्या.”

“मंग मी हमालच हाय ना!”

हे अर्जात लिहायचं नाही.

महोदय, संघ बंद झाल्यावर

बाजीराव सर शहाण्णवला सोडून गेले. निळी वही त्यांच्याबरोबर गेली. त्याच वर्षी माझा उजवा गुडघा गेला, पुढचे निम्मे दिवस दवाखान्यात गेले. सत्त्याण्णवला संघ बंद. अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत गेटवर नोटीस लागली : ज्या हेल्परांनी कोणत्याही एका वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले असतील, ते कायम. इतरांची सेवा ३१ मार्चला समाप्त.

नोटिशीखाली आम्ही जुने खेळाडू उभे होतो. तेव्हा कोणीतरी मोजलं आणि मग मोजणं थांबेना. आमच्या संघाच्या बारा जणांत आधी उचललेले जे सहा, त्यांच्यातला एकही कायम होत नव्हता. माझ्यानंतर उचललेला गोलकीपर आधीच पनवेलला टेम्पो चालवत होता. पाचवा पाठ धरून घरी बसला होता. जो जितका चांगला खेळला, त्याचे तितके दिवस कमी. आणि बेंचवर बसून कंटाळून कामाला गेलेले शेवटचे चौघे? चौघेही कायम. गोटीराम तर चौऱ्याण्णवपासूनच.

टाइम ऑफिसच्या सुनीती मॅडमनी माझी कार्डं काढली.

“त्र्याण्णव. एकशे त्रेसष्ट.”

“ते माझं सर्वांत चांगलं वर्ष, मॅडम. राज्याच्या शिबिरात होतो.”

“दिसतंय,” त्या म्हणाल्या. मग त्यांचं बोट थांबलं. “पंच्याण्णव बघा. दोनशे अडतीस.”

दोन कमी.

ते दोन दिवस मला न बघता सांगता येतात. एक फायनलचा. दुसरा त्याच्या दुसऱ्या दिवसाचा : जिंकलो म्हणून कंपनीनंच सुट्टी दिली होती, फक्त खेळाडूंना.

सुनीती मॅडमनी दाराकडे बघितलं. आवाज खाली आणला. “अहो सोनकांबळे, मशीन त्या वर्षी सारखं बंद पडायचं. तुमच्या खात्यातल्या कायम कामगारानं लिहून दिलं, की या दोन दिवशी मशीन बंद होतं आणि हा माणूस कामावर होता, तर साहेब सही करतील. एवढं कोण बघतंय?”

आमच्या खात्यातला कायम कामगार एकच.

गोटीराम कॅन्टीनमध्ये चहा बशीत ओतत होता. मी सांगितलं. खोटं आहे हेही सांगितलं. पकडला गेलास तर नोकरी जाईल, तेही. बोलताना त्याच्याकडे बघता येईना, मग बशीकडे बघितलं.

“कागद कुटं हाय?”

“विचार कर गोट्या. घरी पोरं आहेत तुझी.”

“सात वरसं इचारतोय, तुजा कार्ड मारू का.” त्यानं खिशातलं पेन काढलं. “आता तू इचारलास. आन इकडं.”

सही करताना त्याची जीभ बाहेर आली होती.

महोदय, सोबत जोडलेल्या कागदांवरून

हा अर्ज पूर्ण झाला. गोटीरामचा कागद सुनीती मॅडमनी फाइलीत लावला. वीस मार्चला मला आत बोलावलं. साहेब नवीन होते, दीड वर्षापूर्वी आलेले. त्यांनी माझा एकही सामना बघितला नव्हता. त्यांनी गोटीरामचा कागद वाचला, मान डोलावली, पेनचं टोपण काढलं. त्यांनी पान उलटलं.

फाइल मी दिली होती. फेब्रुवारीत, पहिल्याच दिवशी, नोटीस वाचून तडक घरी जाऊन. आईनं, रखमाबाईनं, माझी कात्रणं खळीनं वहीच्या कागदांवर चिकटवून ठेवली होती. तिला वाचता येत नाही, फोटो ओळखते. मी त्यांतलं सगळ्यांत चांगलं काढलं आणि अर्जाच्या फाइलीत लावलं. साहेबांना कळू दे, कोण आहे मी.

फोटोत मी हवेत आहे. खाली छापलंय : विजयी गोल करताना अभय सोनकांबळे. शेजारी फायनलची तारीख.

साहेबांनी कात्रण बघितलं. कागद बघितला. पुन्हा कात्रण.

“गोल मस्त आहे,” ते म्हणाले. “पण सोनकांबळे, या दिवशी तुम्ही कूपरेजच्या मैदानावर की ड्रमवर?”

मी कात्रणावरची तारीख वाचली.

“आणि हा घरत कोण? बोलवा त्याला.”

“साहेब, तो कागद मी लिहिला.”

“सही?”

“तीपण मीच केली. त्याला काही माहीत नाही.”

साहेबांनी पेनला टोपण लावलं. फार वेळ नाही लागला त्याला. चढाईत बॉल पायातून निसटतो तेवढाच.

“कात्रण घेऊन जा,” ते म्हणाले. “घरी लावा.”

बाहेर गोटीराम उभा होता. त्याला सांगितलं, की कोणी विचारलं तर सही तुझी नाही. तो आधी समजला नाही. मग समजला आणि शिवी देऊन भिंतीला टेकला. “यड्या, तो फोटू कशाला लावलास? फोटू कशाला लावलास रं?”

आईलाही तोच प्रश्न पडला असता. तिला मी फोटोचं सांगितलं नाही. परत चिकटवायला दिला तेव्हा म्हणाली, “बगितला का सायबानं?”

“बघितला.”

“काय म्हनला?”

“मस्त आहे म्हणाला.”

महोदय,

आता कोणाला?

एक एप्रिल. सकाळी सात. गेटच्या बाहेर कंत्राटी लोकांची रांग असते, इतक्या वर्षांत मी गाडीतून ती बघितली होती. पन्नासेक माणसं. मुकादम पुढून चालत येतो, बोट करतो. ज्याच्याकडे बोट, तो आत. त्याला बारा हवे होते.

“तू. तू. तू, टोपीवाला. तू.”

गेटच्या आत कार्डाची रांग सरकत होती. गोटीराम मशीनपाशी पोचला होता. त्यानं मला बघितलं. कार्ड हातात तसंच राहिलं. मागचे ओरडायला लागले, “ए घरत, मार ना! झोपला काय?”

मी त्याला मान हलवून खूण केली. मार.

खाट्ट.

मुकादम माझ्यासमोर थांबला. अकरा जण झाले होते. त्यानं मला खांद्यापासून खाली बघितलं, गुडघ्याशी थांबला.

“चालून दाखव.”

चाललो. पाच पावलं जाऊन वळलो. वळताना गुडघा दरवेळी अडकतो तसा अडकला.

तोवर मुकादमानं माझ्या शेजारच्याकडे बोट केलं होतं.