जे दिसते तेवढेच

संकेतस्थळ करायचे असेल तर ते मला ऐकता आले पाहिजे, अशी अट ताईने पहिल्याच दिवशी घातली. आणि ताईची अट मोडण्यापेक्षा सागाची फळी गुडघ्यावर मोडणे सोपे, हे तिच्या धाकट्या भावाला चोपन्न वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. हा भाऊ सुतारकाम करी. सारी गल्ली त्याला मिस्त्री म्हणे. ताई एकटी अजून बाळ म्हणे. तिशीतच तिची दृष्टी पूर्ण गेली होती, तरी पुढे पंचवीस वर्षे तिने शाळेत भाषा शिकवली, आणि निवृत्तीनंतर शिकवायला हाताशी एकच विद्यार्थी उरला होता.

“साइट होत आलीय, ताई,” तो एकदा म्हणाला.

“साइट म्हणजे जिथे तू डबा विसरून येतोस ती. याला संकेतस्थळ म्हण. जीभ झिजत नाही.”

वाचनालयात शनिवारी सकाळी नवशिक्यांसाठी वर्ग भरे. तेथे शिकवणाऱ्या बाई मिस्त्रीहून पंचवीस वर्षांनी लहान होत्या आणि त्याला काका म्हणत. त्यांनी आधी संगणकाला हातच लावू दिला नाही. घर बांधण्याआधी नकाशा काढतात तशा कागदावर चौकटी आखा, म्हणाल्या. हे त्याला मनापासून पटले. त्याने पट्टी धरून चार चौकटी आखल्या: मुखपृष्ठ, माझी कामे, माझ्याविषयी, संपर्क. कामांच्या चौकटीत नऊ छायाचित्रे येणार होती, सगळी घराखालच्या त्याच्या कारखान्यात काढलेली. प्रत्येक छायाचित्रामागे एक लहानशी जागा असते, तिथला मजकूर डोळसांना दिसत नाही. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी संगणक तो मोठ्याने वाचतो.

“जे दिसतं तेवढंच लिहायचं, काका,” बाई म्हणाल्या. “जे माहीत आहे ते नाही. आणि फोटो काढणारा फोटोत नसतो, तेव्हा स्वतःला मध्ये घुसडायचं नाही.”

रविवारी सकाळी, दोन बोटांनी एकेक अक्षर ठोकत, त्याने नऊ वर्णने लिहिली. अकरापासून पावणेबारापर्यंत वेळ लागला. एवढ्या वेळात त्याने एका खुर्चीला रंधा मारून दिला असता. मग त्याने वरच्या खोलीत ताईला संगणकासमोर बसवले आणि यंत्राचा तो सपाट, श्वास न घेणारा आवाज सुरू केला.

“छायाचित्र तीन. शिसवी आरामखुर्ची. हात वळवलेले, बैठक वेताची. मागे पांढरी भिंत. भिंतीशी बुटांचा एक जोड, तपकिरी.”

“बूट कोणाचे रे?” ताई म्हणाली. “खुर्च्या विकतोयस का पादत्राणं?”

मिस्त्रीने छायाचित्र पाहिले. खुर्ची होती, भिंत होती, बूट नव्हते. त्याने मागची जागा उघडली. तेथे मात्र ते शब्द होते, त्याच्याच आखूड वाक्यांत. वर्गातला एखादा नमुना उतरवताना मिसळला असेल, असे मनाशी म्हणत त्याने ते पुसले. ताईला म्हणाला, “चूक झाली.”

सोमवारी पुन्हा ऐकले. “भिंतीशी बुटांचा एक जोड, तपकिरी. बुटांत पाय. टाचा वर.”

या वेळी ताईने थट्टा केली नाही. तिने मान किंचित तिरकी केली, शाळेत पाठ म्हणणारे मूल अडखळले की करायची तशी. “तपकिरी बूट तुझे दाजी घालायचे,” ती म्हणाली.

दाजी, म्हणजे ताईचा नवरा, घर सोडून गेला त्याला बावीस वर्षे झाली होती. त्याचा हात जड होता. ताईच्या डाव्या कानामागे त्या हाताची खूण अजूनही बोटाला लागे. एका दुपारी तो कारखान्यात आला, चार शब्द बोलला, पिशवी खांद्याला लावून निघून गेला, असे मिस्त्रीने वर तापाने पडलेल्या ताईला त्याच संध्याकाळी सांगितले. पुढे पोलिसांना सांगितले, शेजाऱ्यांना सांगितले. आणि इतक्यांदा सांगितले की पाठमोरा दाजी, खांद्यावरची पिशवी, उन्हात मिटत गेलेले दार, हे सारे त्याच्या डोळ्यांपुढे कोरल्यासारखे स्वच्छ उभे राही. ताईने त्यानंतर एकदाही विचारले नाही. भावाच्या त्या एका शब्दावर तिने उरलेले आयुष्य टेकवले होते, आणि तिने ते तसे टेकवले आहे याच जाणिवेवर मिस्त्री रोज सकाळी उठून हत्यारांना धार लावत होता. तो शब्द हलला तर ताई या घरात एक दिवसही राहणार नाही, हे त्याला कोणी सांगायला नको होते.

त्याने बाईंना फोन लावला. कोणीतरी माझ्या संकेतस्थळात शिरून खोडी काढते आहे, म्हणाला. बाईंनी बसल्या जागी नोंदी तपासल्या.

“काका, प्रत्येक बदलाची वेळ इथे राहते. सगळं तुमच्याच घरून, तुमच्याच खात्यातून झालंय. रविवारी अकरा ते पावणेबारा.”

“आणि सोमवारचं?”

“सोमवारी काहीच नाही, काका. रविवारी पुसल्याचीही नोंद नाही.”

त्या दुपारी मिस्त्री खाली गेला आणि ती आरामखुर्ची त्याने कुऱ्हाडीने फोडली. दोन महिने खपून घडवलेल्या, खिळ्याविना, लाकडी मोगरीने ठोकून बसवलेल्या सांध्यांवर तो घाव घालत राहिला. पाठ दुभंगली, वळवलेला हात उडून भिंतीवर आपटला, वेताची बैठक कातड्यासारखी चिरली, तरी तो थांबेना, आणि शेवटी हातांना फोड येऊन कुऱ्हाड निसटली तेव्हा त्याच्या ध्यानात आले की आपण खुर्चीच्या मानाने फारच खाली, अगदी जमिनीलगत, मारत होतो. घाव फरशीवर उमटले होते. आपला हात त्या उंचीला इतका सरावलेला कसा, हा विचार त्याने तुकड्यांबरोबर गोळा करून चुलीत घातला.

बुधवारी त्याने नऊच्या नऊ वर्णने पुसून नव्याने लिहिली, तीनदा वाचली, आणि मनावर दगड ठेवून ताईसमोर यंत्र सुरू केले. खुर्चीमागे आता पालथा माणूस होता. लिहिण्याच्या मेजावर बोटे होती. पेटीचे झाकण मनगटावर मिटलेले होते. मिस्त्रीने पुसायला हात पुढे केला.

“हात लावू नकोस,” ताई म्हणाली. “क्रम चुकलाय. आधी कपाट घे.”

“कसला क्रम?”

“दार आपटल्याचा आवाज पहिला होता. त्यानंतर मेज. मग पेटी, मग स्टूल. खुर्ची सगळ्यांत शेवटी.”

कारखान्यात कोणी रंधा मारत नव्हते, तरी मिस्त्रीच्या तोंडाला भुशाची चव आली. “तू वर होतीस, ताई. तापात.”

“ताप मला होता, बाळ. कानांना नव्हता. मी जिन्यावर होते.”

“दाजी गेले. पिशवी घेऊन गेले.”

“हो, तू तसं सांगितलंस.” तिच्या स्वरात राग नव्हता, वहीतली चूक दाखवतानाही तो नसे. “बावीस वर्षं नुसते आवाज घेऊन बसलेय. चित्र कोणी सांगितलंच नाही. आता सांगतंय कोणीतरी, तर मध्ये बोलू नकोस. लाव क्रम.”

तो नाही म्हणाला असता, पण मग तिने का नाही असे विचारले असते. त्याने ती पाच छायाचित्रे एकेक उचलून तिने सांगितलेल्या क्रमाने मांडली. यंत्र न अडखळता वाचत गेले.

“दोन दारांचे कपाट. एक दार अर्धे उघडे. दाराच्या कडेवर, माणसाच्या कपाळाच्या उंचीला, ओला डाग. डागात केस.

“लिहिण्याचे मेज. वरच्या फळीवर चार बोटे. पाचवे फळीच्या दुसऱ्या टोकाला, सुटे.

“पितळी कड्यांची पेटी. झाकण मनगटावर मिटलेले. झाकण उघडलेले. झाकण पुन्हा मिटलेले. मनगट अजून हलते आहे.

“बसके स्टूल. पाय तीन. चौथा पाय जमिनीवर. त्यात रुतलेला एक दात.

“शिसवी आरामखुर्ची. मागे पालथा माणूस. टाचा वर. भिंत आता पांढरी नाही.”

ताईने ओठ न हलवता प्रत्येक वस्तूमागे एक बोट मिटले होते. पाचवे मिटल्यावर मूठ वळली गेली. मिस्त्रीने डोळे मिटून पिशवीवाला दाजी समोर आणला. दाजी पाठमोरा होता, दार उघडे होते, ऊन होते, आणि दाजीच्या पायांत काही नव्हते, तो अनवाणी होता. हे त्याने आजवर पाहिले कसे नाही, ते त्याला कळेना.

“कशानं मारलं, ते कुठेच नाही,” ताई म्हणाली. “आणि मारणारा कोण, तेही नाही. वर्णन अपुरं आहे.”

“फोटो काढणारा फोटोत नसतो,” मिस्त्री म्हणाला.

“असं होय.” ताईने मूठ सोडली. “मग आता ‘माझ्याविषयी’चं पान राहिलं. तिथे माझा फोटो लाव. घर दोघांचं आहे.”

“तुझा कशाला?”

“लाव म्हटलं ना.”

तिने खिडकीशी खुर्ची ओढून घेतली, शाल नीट केली आणि चेहरा उजेडाकडे वळवला. उजेड तिला कातडीवर कळे. मिस्त्रीने छायाचित्र काढले, ते पानावर चढवले, आणि मागची जागा कोरी ठेवली. ती कोरी आहे हे त्याने दोनदा तपासले. एक अक्षरही लिहायचे नाही, मग यंत्र वाचणार काय, असे त्याला वाटले, आणि तीन दिवसांत प्रथमच त्याचे खांदे सैल झाले. ताई संगणकाकडे सरकली आणि तिने स्वतःच कळ दाबली.

“छायाचित्र. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेली एक स्त्री,” यंत्र म्हणाले. “हात मांडीवर. डोळे उघडे. ती पाहते आहे.”

पडद्यावर खिडकी होती, शाल होती, उजेड होता. जिना कोठेच नव्हता.

“आता पूर्ण झालं,” ताई म्हणाली.

मिस्त्री तिच्या खुर्चीमागे उभा होता. केव्हा उठला आणि तेथे का येऊन उभा राहिला, हे त्याला आठवेना. ताई मागे वळली, तिने हात पुढे केला, आणि क्षणभरही न चाचपडता त्याच्या उचललेल्या मुठीतली लाकडी मोगरी काढून घेऊन आपल्या मांडीवर ठेवली.