मांडीचं अपहरण

केनवडच्या करणला जिममध्ये मास्तर व्हायचं होतं. रिसोडच्या जिमवाल्यानं जागा धरून ठेवली होती, पण प्रमाणपत्र आणलं तर. आणि तोंडी परीक्षेत करण दोनदा आपटला होता, दोन्ही वेळा एकाच ठिकाणी. गुडघा वाकला की फ्लेक्शन, सरळ झाला की एक्स्टेन्शन, हे त्याला झोपेतही येई. पण हात बाजूला नेला तर ॲब्डक्शन की ॲडक्शन, इथे गाडी फसे. ही नावं ठेवणाऱ्याच्या घरी बहुधा जुळी असावीत.

तिसऱ्या खेपेला त्यानं टिपणांचं मोबाइलकडून मराठी करून घेतलं आणि ओसरीत मोठ्यानं घोकायला बसला. खांद्याचे अपहरण. मांडीचे अपहरण. तूर निवडणाऱ्या आईनं, कस्तुराबाईंनी, सूप खाली ठेवलं.

"कोनाले पळवून राह्यला रे तू?"

करणनं समजावलं, अपहरण म्हणजे हातपाय शरीरापासून दूर नेणं.

"मंग वापस आनला तं?"

करणनं पाहिलं. मोबाइलनं ॲडक्शनचं 'व्यसन' केलं होतं. ॲडिक्शन वाटलं असणार बिचाऱ्याला. करण ते पुसणार, तर आईनं अडवलं.

"राहू दे, बराबर हाय. पळवला तं दूर जाते, व्यसन लागलं तं आंगाले चिपकते. तुह्या बापाची तंबाखू पाह्य."

बाजेवर दौलतराव तळहातावर तंबाखू मळत होते. त्यांचा अंगठा क्षणभर थांबला आणि पुन्हा फिरू लागला.

वाशिमला परीक्षकांनी पाय बाजूला न्यायला लावला. करण मनात म्हणाला, पळवला. तोंडानं म्हणाला, ॲब्डक्शन. पाय परत आला. मनात व्यसन, तोंडानं ॲडक्शन. परीक्षक जरा खट्टू झाले. मग त्यांनी न शिकवलेलं विचारलं: अंगठ्याचं सर्कमडक्शन, म्हणजे अंगठा गोल फिरवून दाखव.

करणनं डावा तळहात पुढे धरला, उजवा अंगठा त्यावर टेकवला आणि फिरवला. इतका सफाईदार, की परीक्षकांनी सही करता करता चुन्याच्या डबीसाठी स्वतःचे खिसे चाचपले.

करणनं घरी येऊन सगळं सांगितलं. कस्तुराबाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या. आता तरी तंबाखू सोडतील, असं त्यांना वाटलं असावं.

दौलतरावांनी चुना लावला.

"आन् तू मले आळशी म्हन्तं," ते म्हणाले. "चाळीस वर्सं व्यायामच करून राह्यलो मी."