त्या ओळीवर उठायचं नसतं

भिजलेल्या वालाचं साल सुटतानाचा तो बारीकसा, ओला आवाज कानी आला, की शारजातली ऑगस्टमधली एक धुरकट सकाळ आणि रिबकामावशींची वाकलेली मान माझ्यासमोर उभी राहते. मूळच्या रेवदंड्याच्या या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, बाई आमच्या शेजारी राहत. मुलगा एझरा औद्योगिक क्षेत्रातल्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. यरुशलेमचं मंदिर पाडलं गेलं, त्या दिवसाचा त्यांचा उपवास. संध्याकाळी तो वालाच्या बिरड्याने सुटतो, म्हणून मावशी त्याला बिरड्याचा रोजा म्हणत.

त्या वर्षी एझरा अकरा दिवस बेशुद्ध होता. लोखंडी चौकट अंगावर कोसळली होती. सून इस्पितळात बसलेली, म्हणून मावशींच्या सोबतीला मी. त्यांनी वालाची परात बाजूला सारली, फरशीवर बसल्या आणि आपल्या पूर्वजांची प्राचीन विलापगीतं मराठीतून, आईच्या चालीवर म्हणू लागल्या. जळालेली वेस, निर्जन रस्ते, भुकेने आईच्या मांडीवर मान टाकणारी लेकरं. शेवटच्या गीतात तर 'मी' कुठेच नव्हता, सगळं 'आम्ही'. स्वतःचा मुलगा मरणाच्या दारात असताना या बाई कुणाकुणाच्या लेकरांसाठी रडताहेत, या विचाराने मला चक्क राग आला. मग हळूहळू उमगलं, की एकटीला न पेलणारं ते दुःख त्या सबंध नगराच्या खांद्यावर ठेवू पाहत होत्या. तरी ते हलकं होत नव्हतं.

गीताची शेवटची ओळ फार काळोखी. देवाने आपल्याला कायमचं टाकलं की काय, या भयापाशीच ती थांबते. संपलं असं समजून मी उठले, आणि तेवढ्यात फोन वाजला. सुनेचा होता. मावशींनी माझी ओढणी धरून मला खाली बसवलं.

"या ओळीवर उठायचं नसतं गं. आधीची ओळ सगळ्यांनी मिळून पुन्हा म्हणायची, मग उठायचं."

सगळे म्हणजे मी एकटीच होते. ती आधीची ओळ म्हणजे 'आम्हाला परत बोलाव' अशी देवाला विनवणी, जुने दिवस पुन्हा मागणारी. फोन वाजत राहिला. जन्मभर गणपतीच्या आरत्या म्हटलेली मी त्यांच्यामागून अडखळत ती ओळ म्हणाले. त्यांनी ती सावकाश पूर्ण केली आणि मगच फोनकडे हात नेला.

एझरा गेला होता, आणि तोही फोन वाजण्याच्या आधीच.

मावशी आता सुनेबरोबर भारतात असतात. इथे मी अजून स्वतःला विचारते, की गेलेल्या माणसाला परत मागणारे आमचे ते दोन सूर वाया गेले का? घड्याळ हो म्हणेल. पण त्या एका ओळीपुरता, काळाच्या नकळत, तो आमच्या 'आम्ही'त होता. आणि तिथून त्याला निरोप देणं मला आजवर जमलेलं नाही.