स्वयंपाकघराच्या दारातून

घरात दोन चित्रकार असले की एकाला गप्प बसावं लागतं, आणि या घरात ती पाळी अर्थातच सूनबाईवर आली होती. सासरे नावाजलेले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. कचेऱ्यांच्या भिंतींवर टांगलेल्या माजी अध्यक्षांपैकी निम्मे त्यांच्या हातचे, आणि सगळे सारखेच तुकतुकीत. चित्रात ब्रशचा एक फराटा दिसला तरी मास्तरांना अन्न गोड लागत नसे. कॅनव्हासला नाक लावून ते मऊ कोरड्या ब्रशने घोटत बसत.

सूनबाईला वेड लावलं होतं ते जुन्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी. ऊन हलायच्या आत भराभर रंग लावून मोकळे होणाऱ्यांनी. मास्तरांच्या मते ती आळशी माणसं होती. चित्र पुरं करायचा कंटाळा, दुसरं काय!

तिला प्रदर्शनासाठी सासूबाईंचं चित्र काढायचं होतं. सकाळी त्या खिडकीत मटार सोलायला बसत, तेव्हा खांद्यावरच्या पांढऱ्या शालीवर ऊन उतरे. समोर एका इमारतीचं बांधकाम चाललं होतं आणि भिंत रोज वर सरकत होती. चार दिवसांत ते ऊन कायमचं बंद होणार, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. मास्तरांनी जन्मभर परक्यांची तोंडं रंगवली, बायकोचं एकदाही नाही. म्हणून तर ती इरेला पेटली होती.

रोज सकाळी ऊन असेपर्यंतच ती रंगवायची. ऊन सरकलं की ब्रश खाली. पॅलेटवरून काळा रंग तिने हद्दपारच केला होता. पहिल्याच दिवशी सासूबाई उठून जवळ आल्या आणि हबकल्या. गालावर हिरवं, शालीवर निळं, कडेला नारिंगी! मग तिने त्यांना शालीच्या घडीतली सावली दाखवली. पिवळ्या उन्हाशेजारी ती खरंच निळसर दिसत होती. नारिंगी आणि निळा शेजारी शेजारी ठेवले की दोन्ही पेटतात, एकत्र घोटले की त्यांची राख होते, असं तिने समजावलं. आणि त्यांना मागे, थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेलं. तिथून ते फराटे एकमेकांत मिसळले आणि खिडकीत एक बाई बसलेली दिसली.

"अगं, ही तर मी," सासूबाई म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ दारातच उभ्या राहिल्या.

चौथ्या दिवशी चित्र झालं. पाचव्या दिवशी भिंतीने ऊन अडवलं. ओलं चित्र ईझलवर ठेवून सूनबाई निर्धास्त मनाने कामाला गेली. हीच तिची चूक, ओल्या रंगाला आणि मोकळा वेळ असलेल्या सासऱ्याला एका खोलीत ठेवलं.

दुपारी परत आली तर मास्तर खुशीत होते. प्रदर्शनात लोक हसू नयेत म्हणून त्यांनी जरा हात फिरवला होता म्हणे. हात कसला, बोळा फिरवला होता! सगळे फराटे घोटून गुळगुळीत केलेले. नारिंगी आणि निळ्याचा मिळून राखाडी चिखल झालेला. शालीच्या घड्यांत काळा भरलेला, मटारच्या टोपल्याखाली काळा, हनुवटीखालीही काळा. कोपऱ्यात, सवयीने, मास्तरांची सही.

सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता ते ऊन आणायचं कुठून? नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला की बाबांनी चांगल्या मनानेच केलं असेल. चांगल्या मनाने! दुसऱ्याचं चित्र पुसायला एवढं चांगलं मन लागतं हे तिला माहीत नव्हतं.

"बाबा, तुम्ही हे दारातून एकदा तरी बघितलंत?" तिने विचारलं.

"दारातून कशाला? चित्र जवळून बघतात," मास्तर म्हणाले. "अर्धवट होतं, पुरं करून दिलं. आभार राहिले बाजूलाच!"

एवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. दारातच थांबल्या. तिथूनच त्यांनी चित्राकडे पाहिलं.

"ही कोण?"

"कोण म्हणजे? तूच की," मास्तर हसले.

"मी नाही. ही तुमची कुठलीतरी माजी अध्यक्ष आहे." मग त्या सुनेकडे वळल्या. "रंग ओला आहे ना अजून? मग काढून टाक."

सूनबाईने सुरी घेतली आणि चित्र वरपासून खालपर्यंत खरवडलं. सहीही गेली. चार सकाळी गेल्या त्या गेल्याच.

सासूबाई शाल सारखी करून खिडकीत जाऊन बसल्या. बाहेर नुसती भिंत होती. मास्तर चाचरत म्हणाले की तिथे आता ऊन नाही, काढणार काय?

"सावली काढेल," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मी इथे बसते, तुम्हाला कधी ऊन दिसलं नाही, सावलीही दिसली नाही. दारात जाऊन उभे राहा आता. आणि सूनबाई, काळी नको हं."