तिसऱ्या बागेच्या भिंतीतलं दार

आमच्या साहेबांना ऑफिसात सगळे ‘बघू’ म्हणतात, कारण त्यांच्या तोंडून दुसरा शब्द फारसा निघत नाही. सोमवारी मात्र ते थेट “नाही” म्हणाले आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

काम पाच बागांचं होतं. पाचही एकमेकींना खेटून, पण प्रत्येकीचं फाटक रस्त्यावर. एकीतून दुसरीत जायचं तर बाहेर पडून गाड्या चुकवत जावं लागतं. दीड वर्ष खपून मी एक सलग वाट आखली होती. दवाखान्याच्या टोकाला आत शिरायचं, नदीच्या टोकाला बाहेर पडायचं, मध्ये रस्त्याचं तोंडही बघायचं नाही. बाकी सगळीकडे जमलं, अडलं ते तिसऱ्या आणि चौथ्या बागेमधल्या भिंतीपाशी.

“भिंतीखालून मोठी पाइपलाइन जाते,” साहेब म्हणाले. “तिथे नवीन दार फोडायला पाणीखातं परवानगी देत नाही. वाट सलग नाही म्हणजे मंजुरी नाही. गुरुवारी समिती पाहणीला येतेय, तोवर बाकांना रंग देण्याचा प्रस्ताव तयार ठेवा.”

“आणि जुनंच दार असेल तर?”

“मग परवानगी कशाला लागेल? पण मॅडम, नकाशात दार नाही.”

नकाशात दार नव्हतं हे खरं. पण तिसऱ्या बागेतली मधली पायवाट सरळ भिंतीपर्यंत जाऊन तिथेच संपत होती. भिंतीला डोकं टेकायला कुणी वाट करत नाही. बाकांना रंग देण्यासाठी मी दीड वर्ष राबले नव्हते, आणि गुरुवार यायला अजून तीन दिवस होते.

मंगळवारी संध्याकाळी मी तो नकाशा घरी जेवणाच्या टेबलावर पसरला. माझे बाबा याच बागांचे मुख्य माळी होते. खात्यात त्यांना कात्रीमास्तर म्हणायचे. तिसऱ्या बागेतलं भिंतीलगतचं काटेरी कुंपण त्यांनी लावलेलं. निवृत्त झाले तरी दर रविवारी ते नव्या लोकांनी छाटलेलं कुंपण बघायला जातात आणि चिडून घरी येतात.

“बाबा, इथे कधी दार होतं का?”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “कुंड्यांना पाणी घालायचं राहिलंय,” म्हणाले आणि गॅलरीत गेले. कुंड्यांना मी अर्ध्या तासापूर्वीच पाणी घातलं होतं. मी त्यांच्या मागोमाग गेले.

“होतं,” शेवटी ते कुंडीकडे बघत म्हणाले. “लोखंडी. तुझी आई लग्न होऊन यायच्या आधीची गोष्ट. लोक त्यातून घुसायचे आणि माझे रोपांचे वाफे तुडवून जायचे. सांगून थकलो. मग कुलूप घातलं, अलीकडून कुंपण लावलं, पलीकडून वेल चढवला. नकाशे उतरवणारा दोस्त होता माझा. त्याला म्हटलं, एका हंगामापुरतं दार पूस, म्हणजे कुणी उघडा म्हणून मागे लागणार नाही.”

“एका हंगामापुरतं?”

“त्याची बदली झाली. मी विसरलो. म्हणजे विसरलो नाही, कुंपण फार छान आलं होतं.”

आमच्या ऑफिसात नवा नकाशा जुन्या नकाशावरून उतरवतात, भिंतीवरून नाही. त्यामुळे तीस वर्षं ते दार कागदावर उगवलंच नाही. मला हसावं की रडावं कळेना, आणि खरं सांगायचं तर बाबांचा भयंकर राग आला.

“गुरुवारी समितीपुढे हे सांगा.”

“अख्ख्या खात्यापुढे? आणि कुंपण तोडायचं?”

“कुंपण मी तोडणार आहे. तुम्ही आलात तरी आणि नाही आलात तरी.”

तेवढ्यात आई हात पुसत दारात आली. तिने बहुतेक सगळं ऐकलं होतं. “ते दार चौथ्या बागेत निघतं?” तिने विचारलं.

बाबा कुंडीतली माती उकरू लागले. मीच “हो” म्हटलं. आई आत निघून गेली आणि भांडी जरा जास्तच जोरात लावू लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही तिसऱ्या बागेच्या बाजूला राहायचो आणि बाबांची रोपवाटिका चौथ्या बागेत. बाबा सकाळी सायकलने जायचे. आई दुपारी त्यांचा गरम डबा घेऊन चालत जायची, मोठ्या रस्त्याने वळसा घालून, भर उन्हात, कधी मला कडेवर घेऊन. अकरा वर्षं.

बुधवारी मी कोयत्याला धार लावून आणली.

गुरुवारी मी कोयता घेऊन बागेत पोचले. समिती आली, साहेब घड्याळ बघू लागले. मी पहिला घाव घालणार तोच मागून आवाज आला, “तसं नाही तोडत.” बाबा होते, हातात त्यांची जुनी कात्री. दोन पावलं मागे आई.

“दार आहे,” बाबा समितीला म्हणाले. “मीच झाकलं आणि मीच नकाशातून पुसायला लावलं. चूक माझी आहे.” मग त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेलं कुंपण बुंध्यापासून कापायला घेतलं. त्यांनी कुणालाही पुढे येऊ दिलं नाही. अर्ध्या तासात गंजलेले गज दिसले.

आईने पिशवीतून किल्ली काढली. तीस वर्षं ती आमच्या कपाटाच्या खिळ्याला लटकली होती आणि ती कशाची, हे बाबांनी कधी सांगितलं नव्हतं. तेल घातल्यावर कुलूप निघालं. दोघा माळ्यांनी जोर लावला तेव्हा वेल तुटून दार करकरत उघडलं. साहेबांनी खिशातून पेन काढलं, नकाशावर त्या जागी दोन रेघा मारल्या आणि खाली सही केली. समितीतल्या बाईंनीही केली.

आई कुणाची वाट न बघता दारातून पलीकडे गेली. रोपवाटिकेच्या ओट्यापर्यंत चालली, बाबा जिथे बसून डबा खायचे तिथे. परत फिरली आणि दारात येऊन उभी राहिली.

“साठ पावलं,” ती म्हणाली. “साठच.”

बाबांनी कात्री खाली ठेवली. “चुकलं माझं.”

“उद्यापासून मी इथून फिरायला येणार. तुम्ही मोठ्या रस्त्याने वळसा घालून यायचं.”

“अकरा वर्षं?” बाबांनी विचारलं.

“बघू,” आई म्हणाली.