दाबून बघू नका, मी पिकतोय

मी एक अ‍ॅव्होकाडो बोलतोय. खरं म्हणजे आता माझी फक्त बी उरली आहे. शिलाई मशीनशेजारच्या खिडकीत, पाण्याच्या पेल्यावर, चार काड्यांच्या आधाराने बसलो आहे. बूड पाण्यात, डोकं उन्हात. तक्रार करावी असं काही नाही.

आमच्या जातीचा एक हट्ट आहे. आम्ही झाडावर पिकत नाही. महिनोन्‌महिने फांदीला लटकू, पण पिकणार तोडल्यावरच, तेही आमच्या सवडीने. माणसांना एवढा धीर नसतो. दुकानाच्या टोपलीत होतो तेव्हा येणारा-जाणारा अंगठ्याने दाबून बघायचा आणि न घेताच निघून जायचा. दाबलेल्या जागी आम्ही आतून काळे पडतो. असा कोणाचा गाल दाबला असता तर भर दुकानात भांडण झालं असतं!

या घरच्या सूनबाईंनी मला आणि माझ्या जुळ्या भावाला उचललं ते सासऱ्यांसाठी. सासरे शिंपी; सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांचे उरलेसुरले दात नुकतेच काढले होते आणि हिरड्या भरून येईपर्यंत कवळी बसणार नव्हती. तोवर चहात बुडवलेली बिस्किटं हेच त्यांचं जेवण. दुसरं काही पुढे केलं की म्हणायचे, "पोट भरलंय गं."

मग एकदा इस्त्री करताना सूनबाईंना त्यांच्या पॅन्टच्या कमरेला दोन जास्तीच्या शिवणी दिसल्या. मास्तरांनी गुपचूप पॅन्ट आत घेतली होती, तीही दोनदा.

"बाबा, हे काय?"

"कापड सैल पडलंय," मास्तर म्हणाले.

एखाद्या गिऱ्हाइकाचं पोट सुटलं की हेच मास्तर त्याची लाज राखायला म्हणायचे, "तुम्ही नाही हो वाढलात, कापड आटलंय." पण त्या दिवशी सूनबाईंना हसू आलं नाही. वजन असंच उतरत राहिलं तर मास्तर अंथरूण धरतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

स्वतःची स्तुती स्वतः करू नये, म्हणून दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंचे शब्द सांगतो. "चावावं लागत नाही. अंगाला चांगली चरबी मिळते, पोट साफ राहतं. पोटॅशियम केळ्याहून जास्त आणि साखर नावालाच. रोज थोडं द्या." हे ऐकूनच सूनबाई थेट दुकानात आल्या होत्या.

पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! घरी येताच त्यांनी माझ्या भावाला चिरलं. तो हिरवा, टणक; चमच्याला दाद देईना. शेवटी मिक्सरमधून फिरवून वाटीत घातला. मास्तरांनी एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"सूनबाई, हा तर कपडे धुवायचा साबण! मला आपली बिस्किटंच बरी."

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. माझीही रवानगी आता कचऱ्यात होणार, असं मी धरूनच चाललो होतो. भावाचं वाईट वाटत होतं ते वेगळंच. पण सूनबाईंनी मला एका पिकल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत घातलं. केळ्याच्या संगतीत आम्हाला लवकर पिकायची बुद्धी होते. रोज त्या पिशवी उघडायच्या, मला तळहातावर घेऊन हलकेच मूठ मिटायच्या, आणि परत ठेवायच्या. अंगठा एकदाही लावला नाही. तसा हात मला आधी कोणी लावला नव्हता.

एका सकाळी मूठ मिटली आणि मी जरासा दबलो. गर चमच्याने अलगद निघाला. मीठ, लिंबू आणि मऊ उकडलेलं अंडं कुस्करून वाटी मास्तरांसमोर आली.

"परत साबण?"

"एक चमचा, बाबा. नाही आवडलं तर पुन्हा आग्रह करणार नाही."

मास्तरांनी डोळे मिटून चमचा तोंडात घातला. जीभ हलली, गाल हलले. सूनबाई पदराचं टोक पिळत उभ्या होत्या.

"हे तेच फळ?"

"तेच. तेव्हा मीच घाई केली."

"घाईची शिवण उसवतेच," म्हणत मास्तरांनी वाटी पुढे केली. "अजून आहे?"

सालीला चिकटलेला गर सूनबाईंनी खरखरीत कोपरांना चोळला, साल बारीक करून कुंडीत घातली. मला मात्र मास्तरांनी मागून घेतलं आणि दात कोरायच्या काड्या टोचून पेल्यावर बसवलं. "नाहीतरी या काड्यांचा मला आता काय उपयोग!" म्हणाले आणि बोळकं उघडून हसले.

माझ्यामागून माझे किती भाऊबंद या घरी येऊन गेले! दूध आणि मऊ भातानेही हातभार लावला, सगळं श्रेय मी घेणार नाही. मला खालून मूळ फुटलं आहे, वरून कोंब डोकावतो आहे. झाड होईन, फळं धरेन की नाही, कोणास ठाऊक. तुम्हाला एवढंच विनवतो: आमच्या भाऊबंदांना अंगठ्याने दाबू नका, तळहातावर घ्या, आणि वाट बघा.

आज सकाळी मास्तर मशीनवर बसले होते. हातात तीच पॅन्ट. त्यांनी कात्रीच्या टोकाने कमरेची एक शिवण उसवली, मग दुसरी. सूनबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

मास्तर मान वर न करता म्हणाले, "काय करणार सूनबाई, कापड आटलंय."